झुम्पेकाकांची उचकी

"त्या पोराचं नाटक मी झोपेतसुद्धा गाईन," इग्नाझ झुम्पे बायकोला म्हणाला आणि मीठ लावलेला मुळा कराकरा चावू लागला. वर बिअरचा दुसरा पेला.

जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या त्या छोट्या दरबारी नाट्यगृहात झुम्पे कित्येक वर्षं खर्जात गात होता. आजवर सगळ्या संगीतिका इटालियन. आज मात्र एकोणीस वर्षांच्या लोरेन्झ हाबेर्लची पहिलीवहिली, एका अंकाची, विनोदी आणि चक्क जर्मन! "ही पडली तर पुन्हा आपलं इटालियनच," व्यवस्थापकांनी लोरेन्झला बजावलं होतं.

त्यात झुम्पे गिरणीवाला झाला होता. मुलीला मागणी घालायला आलेल्या शिंप्याला त्यानं गाण्यातून दरडावायचं होतं. तो ऐटीत पुढे आला, छाती फुगवली, "माझ्या घरात पाऊल..." इथवर आला आणि उचकी लागली.

पाठोपाठ दुसरी. माडीवरच्या प्रेक्षकांत कुणीतरी फिसकन हसलं. झुम्पेला दरदरून घाम फुटला. त्यानं खाली वादकांकडे पाहिलं. पियानोपाशी बसून सगळ्या वादकांना चालवणारा लोरेन्झ पांढराफटक पडला होता. पण क्षणभरच. मग त्यानं शिंगवाल्याला मानेनं खुणावलं.

तिसरी उचकी आली तशी शिंगानं तिला जवाब दिला, "पों!" चौथीला व्हायोलिनंही दचकली. झुम्पे अडखळला की लोरेन्झ थांबे, सावरला की धावे. रागानं बापाचा श्वासच कोंडलाय, असं वाटू लागलं. लोक पोट धरधरून हसले आणि त्यांनी तेच गाणं पुन्हा गायला लावलं.

खेळ संपल्यावर व्यवस्थापक आत आले. "हाबेर्ल, ही उचकी सुचली कशी तुला?"

"झुम्पेकाकांनी सुचवली," लोरेन्झ म्हणाला.

झुम्पेचे डोळे भरून आले. "पोरा, बुडत होतो रे मी."

"काका, उद्याही येईल ना उचकी?"

"मुळे आहेत तोवर चिंता नको."

दुसऱ्या दिवशी झुम्पेनं तीन मुळे खाल्ले. गाण्यातली ती जागा आली, त्यानं तोंड उघडलं, उचकी काही येईना. आ वासून तो तसाच उभा. तेवढ्यात शिंग आपणहून "पों" म्हणालं. लोरेन्झनं रातोरात उचकी शिंगालाच लिहून दिली होती! कालच्यापेक्षा दुप्पट हशा पिकला.

घरी बायकोनं विचारलं, "काय हो, कसं झालं?"

"फार सुरेख. पोरगं मोठं होणार."

"आणि उचकी?"

"ती आता शिंगवाला देतो," झुम्पे बूट काढत म्हणाला. "माझ्यापेक्षा सुरात."