माने सरांची शेवटची मॅरेथॉन

मी शिकलो तो माने सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपलीकडे गेलं नव्हतं. गगनबावड्याकडच्या शाळेत सर भूगोल शिकवायचे. माझा कॉलेजचा अर्ज त्यांनी भरला, शहरात खोलीही त्यांनीच बघून दिली. निवृत्तीनंतर ते कोल्हापुरात राहायला आले आणि दरवर्षी परदेशात मॅरेथॉन पळू लागले. पळू लागले म्हणजे, बघू लागले.

कारण सर पळता पळताच शहर बघतात. "येगळी सहल कशाला? सगळं गाव त्याच रस्त्यावर असतंय, आणि रस्ता आपल्यासाठी मोकळा ठेवत्यात की."

रोममध्ये ते छातीवर नंबर लावून चर्चच्या रांगेत उभे राहिले. लिस्बनमध्ये एका म्हाताऱ्याकडून मासे भाजायची रीत समजून घेतली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून अर्धा तास लागला. सर पोचेपर्यंत शेवटच्या रेषेवरची कमान उतरवलेली असते.

रंकाळ्यावर सकाळी फिरणारी मंडळी विचारतात, "सर, पदक कुठाय?"

"चांदीची पदकं हुपरीत किलोवर मिळत्यात. ह्यो पूल मिळतोय काय हुपरीत?" म्हणत सर मोबाइलवरचा फोटो पुढे करतात.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, ही शेवटची. सर गंभीर झाले. "एकदा तरी सहा तासांत पोचायचं, गड्या. चल तू बी." मी कागलच्या कारखान्यातून रजा काढली.

प्रागमध्ये सरांनी एकाही इमारतीकडे मान वळवली नाही. नामांकित पूल आला, तो त्यांनी बुटांकडे बघत ओलांडला. तिसाव्या किलोमीटरला आम्ही वेळेच्या पुढे होतो. तिथं माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी फुटपाथवर बसलो.

"तुम्ही जावा सर. तुमची शेवटची आहे."

सरांनी घड्याळ बघितलं. मग खाली बसून माझा बूट काढला. "गप. पाय ढिला सोड."

बराच वेळ त्यांनी पोटरी चोळली. मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी आली, तिला त्यांनी हातानंच पुढे घालवलं. माझा हात खांद्यावर घेऊन ते चालू लागले आणि वाटेतली एकेक इमारत मला दाखवत राहिले. पोचलो तेव्हा माणसं कमान टेम्पोत भरत होती. "असू दे, चालू द्या तुमचं," सर त्यांना मराठीतच म्हणाले.

तोंडावर बोलणं मला जमलं नसतं, म्हणून परतल्यावर पत्र पाठवलं.

"आदरणीय सर,

नमस्कार. पोटरी बरी आहे. मी तुम्हाला जावा म्हणालो, तेव्हा तुम्ही जाऊ नये असंच मनात होतं. तुमची वेळ हुकली याचं फार वाईट वाटतं. तुम्ही थांबलात याचं मात्र वाईट वाटत नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे. रविवारी घरी येतो.

आपला,
संभाजी"