दोन हात रेड ऑक्साईड

आमच्या भिंगारात म्हस्के आबांचं घर कुणालाही सापडतं. लिंबाच्या बुंध्यांना खाली गेरू आणि वर चुना दिसायला लागला की समजायचं, आबांची हद्द सुरू झाली. आबांनी जन्मभर लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन म्हणून नोकरी केली. तिथं म्हणे एकच नियम होता. जे हलत नाही त्याला रंग द्यायचा, आणि हलत असेल तर धरून ठेवून द्यायचा. रिटायर झाले तेव्हा आबा हा नियम घरी घेऊन आले. त्यांच्या नळाच्या तोटीला रंग आहे, खलबत्त्याला बाहेरून रंग आहे. एकदा मी चार दिवस बेलापूरला बहिणीकडे गेले आणि परत येऊन बघते तर माझं फाटक पोपटी. म्हटलं, आबा, विचारायचं तरी. तर म्हणाले, "गंज काय इचारून येतो का?"

"गंजाला चान्स द्यायचा न्हाई" हे त्यांचं पालुपद. लग्नाला गेले तरी नवरा-नवरी राहतात बाजूला, हे मांडवाचे लोखंडी खांब बघून चुकचुकतात.

मी त्यांची शेजारीण, घरात शिवणकाम करते. आबांची बायको, आमच्या कमलकाकू, मनीषा लहान असतानाच गेल्या. आईवेगळी पोर आबांनीच वाढवली. वाढवली म्हणजे कशी, तर आबा गाडीखाली आडवे आणि ही बाहेर बॅटरी धरून उभी. बॅटरी धरता धरताच पोरगी मोठी झाली आणि लग्न होऊन कोपरगावला गेली.

यंदा मनीषाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. आबांनी ठरवलं, लेकीला आपल्याच गाडीतून आणायची, आणि त्याआधी ब्रेक नवे करायचे. गॅरेजला जायचं नाही, कारण गॅरेजवाले गंजाला चान्स देतात. अंगणात गाडी जॅकवर चढवून आबांनी पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या चकत्या आणि पॅड स्वतः बदलले आणि ऐटीत कोपरगाव गाठलं. वाटेत ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होतं, पण आबांनी ते सगळं रस्त्याच्या नावावर खपवलं.

विहीणबाई पक्क्या. म्हणाल्या, आधी मी एक चक्कर मारते, मग सुनेला बसवू. साखर कारखान्याच्या रस्त्याला गाडी लागली आणि समोर उसाची ट्रॉली आडवी आली. आबांनी ब्रेक दाबला. गाडी अशी हादरली की विहीणबाईंची कवळी वाजली. हे खुद्द आबांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसूही आलं नाही. कारण घरी उतरल्यावर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "ही गाडी हाय का पिठाची गिरन? ज्याला गाडी सांभाळता येईना, त्यो बाळंतीन काय सांभाळनार? हितंच होऊ द्या बाळंतपन."

आबा तसेच रिकाम्या गाडीनं परत आले. मला लई वाईट वाटलं. म्हटलं, बाळंतिणीचं मी बघते, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं माझ्याकडं लागलं. तुम्ही भाड्याची गाडी करा आणि घेऊन या तिला. आबा बॉनेट पुसत राहिले. पुसता पुसताच म्हणाले, "भाड्याच्या गाडीनं आनली, तर बाई बोलली त्ये खरं ठरंल."

मग सुरू झाली तपासणी, आणि तिच्यात माझा बळी गेला. आबा मला मागच्या सीटवर बसवायचे, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला द्यायचे आणि पाथर्डी रस्त्याला गाडी पळवायचे. नुसती पळते तोवर पेला शहाण्यासारखा गप्प. ब्रेक दाबला की पाणी माझ्या साडीवर. आबांनी चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं टाकून बघितली. माझी साडी भिजायची ती भिजलीच. रोज परत आल्यावर गल्लीतल्या बाया विचारायच्या, काय गं, आज किती सांडलं?

शेवटी मीच मनीषाला फोन लावला, तिला सगळी हकिकत सांगितली आणि फोन मोठ्या आवाजावर करून आबांच्या पुढ्यात धरला. तिनं अंदाज बांधले नाहीत की काही नाही. बापाला ओळखून होती.

"आबा, नवी चकती चाकामागच्या ज्या हबवर बसवली, त्या हबला आधी काय केलं?"

आबा घसा खाकरून म्हणाले, "साफ केला की. गंज हुता."

"आणि मग?"

"मग जरासं रेड ऑक्साईड."

"एक हात?"

"दोन."

मनीषा इतकी हसली की मला तिच्या पोटाची काळजी वाटली. पाटाखाली खडा आला की पाट डुगडुगतो, तसंच झालं होतं. हबला चिकटून सपाट बसायची ती चकती, तिच्यामागं रंगाचा ओघळ वाळून जाड झालेला. चकती तिरपी बसली होती आणि ब्रेक तिला धरायला गेला की गाडीला हुडहुडी भरायची.

दुसऱ्या दिवशी आबांनी दोन्ही चाकं उतरवली आणि पॉलिश पेपरनं सगळा रंग घासून काढला. उघड्या लोखंडाकडं बघताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला भडभडून आलं आणि हसूही आलं. मग पुन्हा पाथर्डी रस्ता, पुन्हा पेला. आबांनी कचकन ब्रेक दाबला. साडी कोरडीच राहिली.

त्यांनी मला घरी सोडलं, त्यांच्या घराची किल्ली हातात दिली, जरा केर काढून ठेव म्हणाले आणि तसेच कोपरगावला निघाले. या खेपेला विहीणबाईंच्या मांडीवर पेला होता म्हणे. चक्कर मारून आल्यावर त्या तडक आत गेल्या आणि सुनेची पिशवी स्वतः आणून गाडीत ठेवली.

मी इकडं केर काढत होते. आतल्या खोलीत चादरीखाली काहीतरी झाकलेलं दिसलं. मनीषाचाच लोखंडी पाळणा. माळ्यावर पडून असायचा, तरी आबा दर दिवाळीला त्याला रंग द्यायचे. आता कुठला रंग दिला असेल, पोपटी की गेरू, म्हणून मी मन घट्ट करून चादर उचलली. तर पाळण्यावर रंगाचा ठिपका नव्हता. इतक्या वर्षांचे थर खरवडून, घासून सगळं लोखंड उघडं केलेलं, कानाकोपऱ्यासकट, आणि त्याला खोबरेल तेलाचा वास.

संध्याकाळी गाडी आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मनीषा आत जाऊन टेकली. मी आबांना बाजूला घेऊन विचारलं, पाळण्याला रंग द्यायचा राहिला का?

"न्हाई राह्यला. लेकरू तोंड लावतं त्याला."

"अहो पण आबा, गंज चढेल ना."

आबांनी आतल्या खोलीकडं बघितलं. मनीषा पाळण्याच्या कडेवरून बोटं फिरवत बसली होती.

"चढू दे की," आबा म्हणाले. "मी हाय ना रोज पुसायला."