आठल्ये सरांचा अर्धा वाटा

आठल्ये सरांनी मला तीन वर्षं फसवलं. रत्नागिरीच्या मासळी बाजारात मला फसवून गेलेला हा एकच माणूस, आणि तोही गणिताचा मास्तर.

दर रविवारी सकाळी सायकल कठड्याला टेकवून सर माझ्या गाळ्यापुढे उभे राहायचे. चष्मा नाकाच्या टोकावर. पेपर तपासावा तसे बांगडे निरखायचे आणि म्हणायचे, "शमीमबी, अर्धा वाटा द्या."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे बांगडा वाट्याने विकतात. सहा-सात मासे एकत्र मांडले की झाला वाटा. घ्यायचा तर अख्खा घ्या. वाट्याचा अर्धा माझ्या सासूने कधी केला नाही, तिच्याही सासूने केला नाही.

"अर्धा होत नाही, सर."

"का होत नाही?"

"सात आहेत. एकाला मधोमध कापू?"

"मग साताचे निम्मे किती, ते तुमची मुलगी सांगेल."

माझी सना तेव्हा सहावीत, सरांच्याच वर्गात. ती वर्गात तोंड उघडत नाही म्हणून शाळेने मला चार चिठ्ठ्या धाडल्या होत्या. मी एकदाही गेले नाही. मी सातवीत असताना एका बाईंनी मासळीचा वास येतो म्हणून मला दाराशी बसवलं होतं. त्यानंतर मी शाळेची पायरी चढले नव्हते. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन सुरुवात केली, आज दोन गाळे आणि बर्फाचा टेम्पो माझा आहे. ज्याला गरज त्याने माझ्याकडे यावं.

तर सर आले.

मागे वही घेऊन बसलेली सना हळूच म्हणाली, "साडेतीन." आणि मग, "पण सर, अर्ध्यातलं डोकं कोणाला आणि शेपूट कोणाला?"

सर इतके हसले की चष्मा बर्फात पडला. "हे माझ्या पुस्तकात नाही. उद्या वर्गात विचार."

तिने विचारलं. सगळा वर्ग त्यावर तासभर भांडला म्हणे.

तेव्हापासून दर रविवारी हाच खेळ. सर हुज्जत घालायचे, मी तापायचे, मधेच सनाचा अभ्यास निघायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. शेवटी मी म्हणायचे, "न्या अख्खा, आणि निघा." पिशवी अंगापासून हातभर लांब धरून ते सायकलवर बसायचे. मला वाटायचं, कपड्यांना जपतायत.

एकदा म्हणाले, "गाळ्यावर कोणीही बोलेल. वर्गात उभं राहून दाखवा." मला डिवचलं की मी थांबत नाही. शनिवारी टोपलीच घेऊन गेले आणि टेबलावर अख्ख्या सहावीला वाटे घालायला लावले. पोरं नाकं धरून उभी. सना सगळ्यांना दटावत होती, "नाक सोड आणि मोज." सर खिडकीशी घामाघूम. पुढच्या शनिवारी जयगडच्या बंदरावर काम करणारा एक बाप दोरखंड घेऊन गाठी शिकवायला आला. मग शनिवार आम्हा पालकांचाच झाला. आता शाळेच्या चिठ्ठ्या येत नाहीत, आम्हीच जाऊन बसतो.

यंदा सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी बांगड्याचं तिखलं करून नेलं. डबा उघडला तसे सर पांढरे पडले. त्यांच्या शेजारच्या मालतीकाकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगो बाई, ते अंडंसुद्धा खात नाहीत. तीन वर्षं तुझे बांगडे मी खात्ये. आता स्वप्नातही तेच दिसतात."

मी भर सभेत विचारलं, "सर, मग माझ्याशी भांडलात कशाला?"

सर डब्याचं झाकण बसवत राहिले. ते काही केल्या बसेना.

"तुम्ही शाळेत येत नव्हता, म्हणून सुरुवात केली. सना दोन महिन्यांत बोलायला लागली, तुम्हीही यायला लागलात. तेव्हाच थांबायला हवं होतं." मग खाली बघून म्हणाले, "पण ही गेल्यापासून घरात हुज्जत घालायला कोणी नाही हो."

त्यानंतर सात रविवार झाले, सर बाजारात फिरकले नाहीत. लाजतात, असं मालतीकाकू सांगतात. मी भांडून पुष्कळ गिऱ्हाइकं घालवली, त्यांचं मला काही वाटलं नाही. पण फसवणाऱ्याने तोंड लपवून घरी बसावं, हे मी चालवून घेणार नाही. सर, येत्या रविवारी गाळ्यावर या आणि जाब द्या. मासे घ्यायचे नाहीत. आणि दोन शब्दांत उरकायचं नाही, मी स्टूल ठेवलं आहे.