मारोतराव पाटलांचा मासा

मोठा काळ मोठी माणसे घडवतो. कापसाच्या तेजीने आमच्या वऱ्हाडात अशी पुष्कळ मोठी माणसे घडवली. भाव उतरल्यावर त्यांतली बरीचशी पुन्हा पूर्वीएवढी झाली. भातकुलीचे मारोतराव पाटील मात्र तेजीतही होते तेवढेच राहिले, कारण तेजीवर त्यांचा विश्वासच नव्हता.

विश्वास त्यांचा कशावरच नसे. "डोळ्यानं पायलं त खरं," हे त्यांचे ब्रीद. अमेरिकेत लढाई जुंपली म्हणून इकडे कापसाला सोन्याचा भाव आला, हे मी गावच्या नव्या शाळेचा मास्तर या नात्याने त्यांना समजावून सांगितले.

"तुमी पायली का लढाई?"

"नाही."

"मंग कावून सांगून राहिले?"

कापूस त्यांनी त्याच भावाने विकला, पण लढाई मान्य केली नाही. शेजाऱ्याने बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, तेव्हा पाटलांनी ती नखाने खरवडून पाहिली. "चांदीच हाय," ते म्हणाले. आवाजात निराशा होती.

असा हा माणूस ऐन वेचणीच्या तोंडावर, भजन संपल्यावर मारुतीच्या पारावर उभा राहिला आणि म्हणाला, "मी मासे धराले जातो. भंडाऱ्याकडं."

एकाच्या हातून टाळ खाली पडला. मारोतराव माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, भजनात वीणा त्यांच्याकडे, घरात कांदासुद्धा शिजत नसे. भजनाचे मुख्य नानाबुवा म्हणाले, "पाटील! मासा?"

"धरतो म्हनलं बुवा. खातो नाई म्हनलं."

"मासा धरला त माळ उतरवा लागन. वीनाही जाईन."

"पाहू."

त्या रात्री भातकुलीत लढाईपेक्षा जास्त चर्चा माशाची झाली.

कारण मला ठाऊक होते. पाटलांच्या पत्नी सोनाबाई भंडाऱ्याकडच्या, तलावांच्या मुलखातल्या. रामटेकच्या जत्रेत दोन बापांनी सोयरीक जुळवली आणि नऊ वर्षांची पोर आमच्या खाऱ्या विहिरींच्या गावात येऊन पडली. पहिल्याच घोटाला तिने पाणी थुंकून टाकले आणि सांगितले, "आमच्याकडं एवढं मोठं तळं हाय, पल्याडचा काठ दिसत नाही. त्यात एक मासा हाय. त्याच्या नाकात सोन्याची नथ हाय." तळे पहिल्यांदा भरले तेव्हा गावच्या बायांनी नवस फेडून ती घातली होती म्हणे. त्या माशाला कोणी धरत नाही.

जिथे पाणी घागरीने मोजतात तिथे हे कोण मानणार? पुढची तीस वर्षे पाटलांनी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे बायकोला ती गोष्ट सांगायला लावली. "अवं सोने, माशाची नथ सांग व!" पाहुणे हसत. पाटील सर्वांत मोठ्याने.

यंदा दिवाळीच्या पंगतीत त्यांनी तशीच हाक दिली. सोनाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "मले आठवत नाई." पाहुणे त्यालाही हसले. मी पाटलांच्या शेजारच्या पाटावर होतो. त्यांच्या हातातला घास तसाच ताटात गेला.

तिसऱ्या दिवशी ती पारावरची घोषणा.

मग तयारी. गळ टाकायला शिकवण्यासाठी गावच्या भोयाला बोलावले. "आपल्या पेढी नदीले पानी किती, पाटील? आमी त बापजाद्यापासून मेने-पालख्याच उचलल्या," तो म्हणाला. तरी त्याने गळ बांधून दिला आणि त्याला गांडूळ लावायला सांगितले. पाटील शहारले. "जीव हाय ना तो!" शेवटी कणकेच्या गोळीवर तडजोड झाली. सराव गुरांच्या हौदावर. पहिल्या दिवशी म्हशीची शेपटी लागली, दुसऱ्या दिवशी स्वतःचे धोतर, आणि तिसऱ्या दिवशी समजूत घालायला आलेल्या नानाबुवांचे पागोटे. ते हौदातून काढून पिळत बुवा म्हणाले, "हे बी आमी डोळ्यानं पायलं."

कापूस शेतात ठेवून पाटील दमणीतून निघाले. मागे सोनाबाई, पुढे गाडीवान किसन. तीस वर्षांत सोनाबाईंचे माहेरी जाणे ते पहिलेच.

दीड महिन्याने परतले, त्याच संध्याकाळी पारावर भजनाला आले. अवघे गाव जमले होते. नानाबुवांनी वीणा मांडीवर धरून विचारले, "धरला का मासा? नाई म्हना, अन् हे वीना घ्या." बुवांचा स्वभाव वाईट नव्हता. वीणा त्यांनी पुढेही केली.

पाटलांनी वीणेकडे पाहिले. मग बायांच्या बाजूला पाहिले. सोनाबाई पदर ओढून, मान खाली घालून बसल्या होत्या.

"धरला," पाटील म्हणाले. "नथ होती. सोन्याची. डोळ्यानं पायली म्या."

आणि कोणी सांगायच्या आत त्यांनी माळ काढून मारुतीपुढे ठेवली.

"मंग हाय कुठं तो मासा?" बुवांनी विचारले.

जन्मभर लोकांकडे पुरावा मागणारा माणूस गडबडला. इकडे तिकडे पाहू लागला. तेवढ्यात पदराआडून आवाज आला, "सोडून देल्ला. मीच म्हनलं, सोडा जी."

तेव्हापासून माशाची गोष्ट सोनाबाई आपण होऊन सांगतात, आणि कोणी हसत नाही. भजनाच्या वेळी पाटील घराच्या ओट्यावर बसतात. पारावरची वीणा तिथवर ऐकू येते. ती चुकीच्या सुरात लागली आहे, एवढेच ते कधी तरी म्हणतात.

मला मात्र राहवेना. मी किसनला गाठून विचारले, तळे खरेच एवढे मोठे आहे का?

"होतं म्हंतात," किसन म्हणाला. तळ्याचा बांध फुटून बारा वर्षे झाली. पाटील आणि पाटलीणबाई त्या फुटक्या बांधावर दिवसभर बसून होते. गळ भोयाने बांधून दिला तसाच फडक्यात परत आला.

काही तरी विचारायचे म्हणून विचारले, "मग आता त्या तळ्यात काय आहे?"

"कापूस," किसन म्हणाला. "बोंडं आपल्यापेक्षा मोठी हायेत."