चौदा नंबरचं पाकीट

"माझी जीभ सरकारजमा आहे. ती घरच्यांना ओळखत नाही," असं बाबा अभिमानाने सांगत. सैनिकांसाठीच्या तयार जेवणाची पाकिटं टिकतात का आणि घशाखाली उतरतात का, हे तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. चवीला नऊपैकी गुण द्यायचे. सातच्या वर ते कधी चढले नाहीत. लेकीच्या स्वयंपाकाला कायम सहा.

"सहाच?"

"खाण्याजोगं आहे. सैनिक तक्रार करणार नाही."

"मग सैनिकाकडेच जेवायला जा."

एकदा तरी बाबांनी 'छान' म्हणावं, एवढीच तिची हौस.

त्या दिवशी डबा गळतो म्हणून तिने बटाट्याची भाजी बाबांनीच आणलेल्या कोऱ्या चंदेरी पाकिटात भरली, इस्त्रीने तोंड चिकटवलं आणि वर तारीख टाकली: १४.

प्रयोगशाळेत नेमकी चौदा नंबरच्या नमुन्याची पाळी होती. बाबा पाकीट टेबलावर ठेवून हात धुवायला गेले आणि मदतनीस बाईंनी ते तत्परतेने सहा वाट्यांत वाढलं.

पाच परीक्षकांनी पाणी मागितलं. "हे शत्रूला पाठवा," एक म्हणाला, "युद्ध आजच संपेल." पाचांनीही दोन-दोन गुण दिले. बाबा पहिल्या घासाला थबकले, मग वाटी पुसून खाल्ली आणि लिहिलं: नऊ.

साहेब चक्रावले. "तीस वर्षांत कुणाला नऊ नाहीत, आणि आज या मिठागराला? बाकीचे अख्खा माल परत पाठवा म्हणतायत."

गप्प बसावं, तर कारखान्याचा चांगला माल बाद होणार. बाबांनी घसा खाकरला. "माल तपासायचा राहिलाय, साहेब. हा माझा डबा आहे. लेकीने दिलेला."

"मग ते नऊ खोडा."

"तेवढं सोडून काहीही सांगा."

संध्याकाळी तिने विचारलं, "डबा कसा होता?"

"सहा," म्हणून बाबा तांब्याभर पाणी प्यायले. तिने नाक मुरडलं. मीठ दोनदा पडल्याचं तिला कढईत उरलेली भाजी चाखतानाच कळलं होतं. पण कबूल कोण करणार?

दुसऱ्या दिवशी चहा निवला, तरी बाबा उठले नाहीत.

आठवड्याने मदतनीस बाई त्यांचा चष्मा आणि तो गुणांचा कागद घेऊन आल्या. हसत, डोळे पुसत त्यांनी सगळं सांगितलं. शेऱ्याच्या रकान्यात बाबांचं टपोरं अक्षर होतं: 'मीठ जास्त. लेकीला कळवू नये.'

बाई गेल्यावर ती बाबांच्या खुर्चीसमोर बसली.

"बाबा, मीठ दोनदा पडलं होतं," ती मोठ्याने म्हणाली. "सहासुद्धा खूप होते."