अठ्ठावन्न नापसंतींचा तपास

"भिंतीआडचं दिसणारे जगात दोघंच," मीटरकाका सांगत. "एक देव आणि दुसरा मी. आणि देवाला हल्ली सवड नसते."

हे वाक्य त्यांनी आजवर कितीजणांना ऐकवलं, याची मोजदाद फक्त त्यांच्या साडूकडे होती, कारण दर वेळी साडू शेजारीच उभा असे. साडू शिंपी होता. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं लहानसं दुकान होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे मीटरकाकांना साहाय्यक लागला की तो न विचारता मिळे, आणि मिळाला की सुटत नसे.

मीटरकाकांनी बत्तीस वर्षं घरोघर जाऊन विजेची मीटरं वाचली होती. मीटर वाचायचं म्हणजे जिन्याखाली वाकायचं, आकडा वहीत उतरवायचा आणि पुढच्या दारी जायचं. एवढ्यावर माणूस गुप्तहेर कसा होतो, असं कुणी विचारलं तर ते दयेने हसत. बत्तीस वर्षं ज्याने लोकांच्या जिन्याखाली पाहिलं त्याच्यापासून काय लपणार, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाले त्याच दिवशी त्यांनी दारावर पाटी ठोकली: 'तपासमार्तंड. साधी प्रकरणे आणून वेळ घालवू नये.' तेव्हापासून तीन प्रकरणं त्यांनी हाती घेतली. दोन आपोआप सुटली. तिसऱ्यातली छत्री अजून सापडायची होती, पण ती ज्यांनी चोरली नाही अशा अकरा जणांची यादी मात्र तयार होती.

चौथं प्रकरण एका मंगळवारी सकाळी शिंप्याच्या दुकानात चालत आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बारकीची आई होती. बारकी अकरा वर्षांची, अंगाने काडीसारखी, पण व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की खोलीभर मोठी व्हायची. टीव्हीवर लहान मुलांची शास्त्रीय संगीताची स्पर्धा चालू होती, आणि तिच्यात ती शेवटच्या चारांत पोचली होती.

आईने सांगितलं ते असं. प्रत्येकाचं वादन झालं की प्रेक्षकांनी आपापल्या रिमोटवरून मत द्यायचं. त्या मतांना गुण नव्हते, पण दर रविवारी ती पडद्यावर दाखवत. शिवाय स्पर्धक ज्या इमारतीत राहतो तिथल्या लोकांचं मत 'घरचा कौल' म्हणून वेगळं दाखवत. परगावच्या अनोळखी माणसांनी बारकीला भरभरून पसंती दिली होती. घरचा कौल होता: पसंत शून्य, नापसंत अठ्ठावन्न.

इमारतीत घरं साठ.

"तिने व्हायोलिन कपाटावर ठेवून दिलंय," आई म्हणाली. "ज्यांना रोज भिंतीपलीकडून ऐकावं लागतं त्यांनाच नको असेल, तर मी कशाला वाजवू, म्हणते. पुढच्या बुधवारी अंतिम फेरीचं चित्रीकरण आहे. ती जाणार नाही म्हणते."

शिंप्याच्या हातातली सुई थांबली. त्याला ती पोर फार आवडायची. तिची पेटी खांद्याला घासू नये म्हणून पट्ट्याला मऊ अस्तर त्यानेच शिवलं होतं. शनिवारी तिचं वाजवणं ऐकताना त्याचे डोळे भरून आले होते. मग हे अठ्ठावन्न कोण?

मीटरकाकांनी डोळे मिटले. ते विचार करत आहेत असं लोकांना वाटावं यासाठी ते तसं करत. "प्रकरण खोल आहे," ते म्हणाले. "आनंद वाटला."

तपास त्यांनी पद्धतशीरपणे सुरू केला, म्हणजे आधी गुन्हेगार ठरवला आणि मग पुरावा शोधायला निघाले. पहिला नंबर लागला चौथ्या मजल्यावरच्या सिस्टरबाईंचा. त्या रुग्णालयात रात्रपाळी करत आणि दिवसा झोपत. बारकीचा रियाज दुपारी असे, बरोबर त्यांच्या उशीखाली. हेतू आरशासारखा स्वच्छ होता.

सिस्टरबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले होते. मीटरकाकांनी साडूला कोपराने ढोसलं: अपराधी रडून बसलाय. पण बाई वैतागून सांगू लागल्या की चार वर्षं त्या पोरीच्या सुरांवरच त्यांना झोप लागते, आणि रविवारपासून तिने हात आवरल्यामुळे त्यांचा डोळ्याला डोळा नाही. शनिवारी तिचं वादन ऐकायला म्हणून तर त्यांनी कामावर उशिरा येण्याची परवानगी काढली होती. जाता जाता त्यांनी नव्या रिमोटबद्दलही तक्रार केली. केबलवाल्याने गेल्या आठवड्यात सगळ्या इमारतीला नवे डबे आणि नवे रिमोट दिले होते, आणि मेला रिमोट धड टीव्हीसुद्धा बंद करत नाही, उठून भिंतीवरचं बटण दाबावं लागतं, असं त्या म्हणाल्या.

"विषयांतर नको," मीटरकाका म्हणाले, आणि वहीत लिहिलं: 'डोळे लाल. अतिहुशार.'

दुसरा संशयित तळमजल्यावरचा बेकरीवाला. तो माणूस कुणाशी बोलत नसे, आणि जो बोलत नाही तो काहीतरी लपवतो, हा मीटरकाकांचा सिद्धांत होता. स्वतः ते काहीच लपवत नसत. बेकरीवाल्याने त्यांच्यासमोर करपलेल्या पावांचा ट्रे ठेवला. भट्टीवरचं घड्याळ बिघडल्यापासून तो बारकीच्या रियाजावर पाव भाजत होता. तिने सावकाश वाजवायला घेतलं की पाव आत, जलद सुरू झालं की बाहेर. आता वरून आवाज नाही, तर पाव कोळसा. शनिवारी मुद्दाम दुकानाचं दार ओढून घेऊन त्याने तिला ऐकलं होतं. ऐकून झालं आणि टीव्ही बंद करायला गेला तर रिमोट मुका. अखेर प्लगच उपटला.

"माझाही तसाच आहे," शिंपी म्हणाला. "तीन-तीनदा दाबलं तरी ढिम्म."

"साडूभाऊ," मीटरकाका शांतपणे म्हणाले, "इथे एका मुलीचं आयुष्य पणाला लागलंय आणि तुम्ही रिमोटच्या गप्पा मारताय."

शिंपी वरमला. एवढ्या वर्षांत वरमणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

गुरुवारपर्यंत संशयितांची संख्या पन्नासच्या पुढे गेली. ज्याला विचारावं तो बारकीचं कौतुक करी, आणि जितकं कौतुक जास्त तितका मीटरकाकांचा संशय जास्त. मग त्यांच्या डोक्यात नवा उजेड पडला. या इमारतीत पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यायचा यावर तीन सभा झाल्या होत्या आणि टाकी अजून बिनरंगाची होती. अशी अठ्ठावन्न घरं एकाच मताची होतील? शक्यच नाही. तेव्हा हे काम एकाच माणसाचं. त्याने अठ्ठावन्न घरांत शिरून अठ्ठावन्न रिमोट दाबले असणार. आता साठही घरांत बिनदिक्कत शिरू शकेल असा माणूस कोण?

त्यांनी बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा पडला.

"साडूभाऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले, "पुरावा बघता तो मीच आहे."

शिंप्याने त्यांना पाणी दिलं. पण मीटरकाका न्यायी होते. त्यांनी आरशासमोर बसून स्वतःची अर्धा तास कसून चौकशी केली. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आपण कुठे होतो, या प्रश्नावर ते दोनदा अडखळले. शेवटी त्यांच्या बायकोने आतून सांगितलं की ते घरीच होते, नवा डबा आतून कसा असतो ते बघायला त्यांनी तो खोलला होता आणि अजून त्याचे तुकडे पलंगाखाली आहेत. तेव्हा पुराव्याअभावी त्यांनी स्वतःला सोडून दिलं. अठ्ठावन्नांत नसलेल्या दोन घरांपैकी एक त्यांचंच होतं. दुसऱ्या घराला सहा महिने कुलूप होतं, आणि त्या कुलपाचीही त्यांनी चौकशी करून पाहिली.

शुक्रवार असाच गेला. कपाटावरच्या पेटीवर धूळ बसू लागल्याचं आईने येऊन सांगितलं. आता मात्र शिंप्याला राहवेना. त्याने धीर करून विचारलं, की बारकीला आपणच जाऊन सांगितलं, बाई, आम्हाला तू आवडतेस, तर?

"आणि आकड्याचं काय?" मीटरकाका म्हणाले. "माणूस खोटं बोलतो. आकडा बोलत नाही. बत्तीस वर्षं वाचलेत मी."

शिंप्याने सुई खाली ठेवली. बारकीकडेही हाच प्रश्न असणार, हे त्याला कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

शनिवारी उपांत्य फेरी दाखवणार होते. स्पर्धेचे भाग आधीच चित्रित होत, त्यामुळे बारकी घरीच होती. मीटरकाकांनी तिच्याच घरी मुख्य संशयितांना बोलावलं: सिस्टरबाई, बेकरीवाला, बारकीची आई आणि आजोबा. साडूला कामगिरी दिली ती चेहरे वाचण्याची. वादन चालू असताना जो हसेल तो गुन्हेगार, आणि जो हसणार नाही तो पक्का गुन्हेगार.

पडद्यावर बारकी आली. खोलीतली बारकी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पडद्यावरच्या बारकीने सुरुवातीचा सावकाश भाग असा वाजवला की बेकरीवाल्याच्या हाताची बोटं आपोआप कणीक मळल्यासारखी हलू लागली. सिस्टरबाईंची मान एकदा कलली, दोनदा कलली आणि मग त्या चक्क घोरू लागल्या. सहा दिवसांची झोप होती ती. शिंपी चेहरे वाचायचं विसरला. शेवटचा सूर संपला तेव्हा सगळ्यांनी एकदमच वळून कोपऱ्यातल्या बारकीकडे पाहिलं. आजोबांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने टीव्हीकडे रिमोट रोखला. बंद होईना, तेव्हा पुटपुटत पुन्हा दाबला.

मीटरकाका उठून उभे राहिले.

"गुन्हेगार याच खोलीत आहे," ते म्हणाले. "वाजवण्याचा कंटाळा कुणाला येतो? ऐकणाऱ्याला नाही. वाजवणाऱ्याला. दुपारी सगळी घरं कामात असतात, मुलं मात्र सगळ्यांच्या घरी खेळायला जातात. अठ्ठावन्न घरं, अठ्ठावन्न रिमोट." आणि त्यांनी कोपऱ्याकडे बोट रोखलं.

आईचा चेहरा लाल झाला. आता मीटरकाकांची धडगत नाही, हे शिंप्याने ताडलं आणि तो मधे पडायला उठला. पण बारकीचं त्या बोटाकडे लक्षच नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. टीव्हीकडे बघणारी खोलीत ती एकटीच होती.

"आजोबा, बटण बंद करू नका," ती म्हणाली. आजोबा भिंतीकडे निघाले होते ते थांबले. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरं होती. ती तिने वाचून दाखवली: "आपले मत नोंदवले. नापसंत. धन्यवाद."

सिस्टरबाई घोरतच होत्या. बारकी आजोबांकडे वळली.

"कुठलं बटण दाबलं तुम्ही?"

"लाल," आजोबा म्हणाले. "बंद करायचं. पंधरा वर्षं तेच दाबतोय."

बारकीने त्यांच्या हातातून रिमोट घेतला आणि उलटसुलट पाहिला. नव्या रिमोटवर टीव्ही बंद करायचं बटण वर कोपऱ्यात होतं, काळं, तिळाएवढं. खाली ठळक दोन: हिरवं आणि लाल. हिरवं म्हणजे पसंत.

"पण लगेच बंद का करता? माझ्यानंतर अजून एकजण वाजवतो."

"तुझं झालं," आजोबा म्हणाले. "आता दुसऱ्याचं काय ऐकायचं?"

ती दार उघडून बाहेर पळाली. शिंपीही तिच्यामागे जिन्यात गेला. बारकी एकेक दार ठोठावत होती आणि तोच प्रश्न विचारत होती, आणि प्रत्येक दारातून अभिमानाने तेच उत्तर येत होतं: हो बाळ, लाल, तुझं झालं की लगेच, तुझ्यासाठीच तर लावतो. तिसऱ्या मजल्यावर ती हसायला लागली. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला प्रश्नही धड विचारता येईना. शिंप्याने स्वतःच्या दाराशी आल्यावर, तिने विचारण्याआधीच, मान खाली घालून कबुली दिली.

बुधवारी ती अंतिम फेरीला गेली. त्यानंतरच्या शनिवारी सगळी इमारत तयार होती. मीटरकाकांचा डबा अजून पलंगाखालीच, म्हणून ते साडूच्या घरी बसले होते. बारकीचं वादन संपलं. शिंप्याने रिमोट उचलला, पण मीटरकाकांनी तो काढून घेतला. अशा नाजूक क्षणी नवख्या माणसावर विसंबून चालत नाही.

"नीट बघून ठेवा," ते म्हणाले. "हे हिरवं. आणि हे लाल. हे कधीच दाबायचं नाही, हे." आणि नीट कळावं म्हणून त्यांनी ते दाबून दाखवलं.

पहिलं मत एकदा नोंदलं की बदलत नाही, असं पडद्याने नम्रपणे सांगितलं.

परीक्षकांनी बारकीला दुसरी आणली. रविवारी घरचा कौल आला: पसंत सत्तावन्न, नापसंत एक. इमारतीत आनंदीआनंद झाला. सोमवारी सकाळी शिंपी दुकान उघडून बसला होता, मीटरकाका स्टुलावर होते, आणि बारकी व्हायोलिनची पेटी खांद्याला लावून दारात आली.

"मला एक माणूस शोधून हवाय," ती मीटरकाकांना म्हणाली. "ते एक लाल मत ज्याचं आहे, तो."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे सोडवता येण्यासारखं प्रकरण आणलं होतं. मीटरकाकांना ठसका लागला. तो माणूस चुकला असेल, असं ते कसंबसं म्हणाले.

"नाही. बाकी सगळ्यांनी हिरवं दाबलं ते मी त्यांची म्हणून. त्या एकानेच नीट ऐकलं. जलद भागात माझी घाई झाली होती. मला कळलं होतं, पण मला वाटलं कुणाच्या लक्षात नाही आलं. त्याला विचारायचंय, आणखी कुठे चुकलं."

शिंप्याने दोरा दाताखाली धरला आणि वर पाहिलंच नाही. मीटरकाका विचार करू लागले. या वेळी डोळे उघडे ठेवून.

"मला माहीत आहे तो," ते शेवटी म्हणाले. "नाव सांगू नका म्हणालाय. आणखी कुठे नाही, म्हणाला. तेवढ्या जलद भागातच."

बारकीने मान हलवली. तिला तसंच वाटलं होतं. ती जिना चढून गेली, आणि थोड्या वेळाने वरून तो जलद भाग येऊ लागला, अगदी हळू, एकेक सूर जागेवर ठेवत. बेकरीवाल्याने गोंधळून भट्टीचं दार उघडलं आणि पुन्हा लावलं.

मीटरकाका कान देऊन ऐकत होते.

"पाहिलंत, साडूभाऊ," ते म्हणाले. "माणूस जाणकार होता."