निळ्या दोऱ्याचा चष्मा

चिटणीस घरी येऊन पेपर उघडून बसले. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

"अहो, हा चष्मा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? माझाच. उलट आज अक्षर जरा स्वच्छ दिसतंय."

"तुमच्या दांडीला मी निळा दोरा बांधलाय. याला कुठंय?"

चिटणिसांनी चष्मा काढून दोन्ही दांड्या तपासल्या. एका दिवंगत तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा अभ्यास करणाऱ्या मंडळाचे ते एकतीस वर्षं चिटणीस. दर पुण्यतिथीच्या आधी काचेच्या कपाटातला तत्त्वज्ञांचा चष्मा पुसायचा मान त्यांचा. आज पुसताना त्यांनी स्वतःचाही काढून शेजारी ठेवला होता. आता स्वतःचा कपाटात, आणि किल्ली अध्यक्षांकडे.

"जाऊन खरं सांगा," बायको हळूच म्हणाली.

"एकतीस वर्षांची अब्रू आहे गं. पुण्यतिथीला कपाट उघडलं की गुपचूप बदलतो."

दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "चिटणीस, इतकी वर्षं आपण आंधळेच. चष्म्याला दोरा आहे. केवढा साधेपणा. मी निबंध लिहायला घेतलाय."

आठवड्यात निबंध बावीस पानी झाला. एका सभासदाने दोऱ्याच्या गाठीत तत्त्वज्ञांचा सिद्धांत शोधला, दुसऱ्याने तो खोडून काढला, आणि दोघांचं बोलणं बंद झालं. चिटणीस पुण्यतिथीचे दिवस मोजत राहिले.

पुण्यतिथीला तत्त्वज्ञांची म्हातारी मुलगी पाहुणी होती. सभेआधीच चिटणिसांनी तिला कोपऱ्यात गाठलं, चष्मा हातात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. "ताई, आजच राजीनामा देतो."

तिने चष्मा उलटसुलट करून पाहिला. "हा तर आईचा."

"आईंचा?"

"बाबांना शेवटची बारा वर्षं दिसतच नव्हतं. आई वाचायची, ते सांगायचे, ती लिहायची. तुमची मंडळी चष्मा मागायला आली, आणि आईला कुणाला नाही म्हणवत नसे." ती हसली. "दोरा कुणी बांधला?"

"आमच्या हिनं."

"मग तो राहू द्या कपाटात. योग्य जागी आहे. हा मी घरी नेते."

भाषणात तिने हे सगळं सांगितलं. अध्यक्षांनी बावीस पानं घडी घालून खिशात ठेवली आणि, काहीतरी बोलायला हवं म्हणून, चिटणिसांना गेल्या सभेचं इतिवृत्त वाचायला सांगितलं.

चिटणिसांच्या नाकावर आता कुठलाच चष्मा नव्हता. ते वही धरून तिसऱ्या रांगेत बसलेल्या बायकोकडे बघत राहिले. ती उठली, त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि सावकाश वाचू लागली.

एकतीस वर्षांत मंडळाला इतिवृत्त पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.